बाजीची सही

नोव्हेंबर २०१६. जुम्म्याची नमाज आटोपून मशिदीबाहेर चपला शोधत होतो, तेवढ्यात जमातीच्या सदरसाहेबांनी हाक मारली. त्यांच्या हातात फॉर्मचा गठ्ठा होता. "मास्टर, आपका खत अच्छा है. अपनी गल्ली की औरतों के फॉर्म आप भर लो. मंगल तक देना."

मी गठ्ठा घेतला. तो कशाचा आहे हे मला ठाऊक होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये विधी आयोगाने समान नागरी कायद्याबद्दल एक प्रश्नावली काढली होती. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने तिच्यावर बहिष्कार टाकला आणि देशभर सह्यांची मोहीम सुरू केली. निकाह, तलाक, वारसा या सगळ्या बाबतींत शरियतच्या कायद्यांवर आम्ही समाधानी आहोत, त्यांत कसलाही बदल नको, असा त्या फॉर्मचा मतलब. खाली नाव, पत्ता, सही किंवा अंगठा.

आता माझ्याबद्दल सांगतो. सोलापुरातल्या एका उर्दू हायस्कूलमध्ये मी वरच्या वर्गांना मराठी आणि खालच्या वर्गांना उर्दू शिकवतो. कॉलेजात असताना वाचनालयात हमीद दलवाईंची 'इंधन' कादंबरी हाती लागली आणि मग त्यांचं मिळेल ते वाचत गेलो. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला होता, ही गोष्ट मी मित्रांना इतक्या वेळा सांगितली आहे की ते मला 'सात बायांवाला' म्हणायचे. एकतर्फी तोंडी तलाक बंद व्हावा, एकाहून जास्त बायका करता येऊ नयेत, मुलीला वारशात मुलाइतकाच वाटा मिळावा, ही माझी मतं विशीपासूनची आहेत. लपवलेली नाहीत. फक्त ती कुठे सांगायची हे मला नीट कळत होतं.

असा मी रविवारी सकाळी अंगणात खुर्ची टाकून फॉर्म भरायला बसलो. नोटाबंदीचे दिवस होते, बायका बँकेच्या रांगेबद्दल बोलत येत होत्या. एकीने विचारलं, हे भरलं की नोटा लवकर बदलून मिळतात का? मी नाही म्हणालो. "मग कशाचं आहे?" "शरियत बचाने का है," मागून कुणीतरी परस्पर उत्तर दिलं, आणि तिने अंगठा पुढे केला. मी शाईचा पॅड सरकवला. एकाही बाईला मी फॉर्म वाचून दाखवला नाही. शाळेत मुलांना प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका म्हणून ओरडणारा मीच.

शेवटी माझी मोठी बहीण आली. आम्ही तिला बाजी म्हणतो. ती त्याच घरात, मागच्या खोलीत राहते. २००४ मध्ये रजिस्टर पोस्टाने एक पाकीट आलं होतं. आत एका कागदावर तीन ओळी, तिन्ही ओळींत एकच शब्द. तिची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. अब्बांनी दोन-चार बुजुर्गांना विचारलं. सगळे म्हणाले, वाईट झालं पण झालं. मेहरचे २,५०१ रुपये आणि इद्दतच्या तीन महिन्यांचा खर्च आला, आणि विषय संपला. त्याच वर्षी माझं बी.एड. पूर्ण झालं होतं. घरात एक पेढ्यांचा पुडा आणि ते पाकीट एकाच आठवड्यात आले.

बाजीचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि माझं पेन थांबलं. ती समोर पदर सावरून उभी.

"लिख ना रे, रुका कायकू?"

मी म्हणालो, "बाजी, इसमें लिखा है कि तलाक के कायदे पे तू खुश है."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. "मेरी खुशी पूछने को आए क्या ये लोगां? दे इधर." आणि उर्दूत सही केली. तिची सही फार सुंदर आहे, अम्मीने शिकवलेली. मंगळवारी मी एकोणचाळीस फॉर्म सदरसाहेबांना नेऊन दिले. ते म्हणाले, "माशाअल्लाह, सबसे साफ आपके हैं."

पुण्याच्या सय्यदभाईंची गोष्ट मला नेमकी त्या रात्री आठवली. त्यांच्या बहिणीलाही असाच तलाक मिळाला होता. त्या एका गोष्टीवरून हा साधा कामगार माणूस पेटून उठला, १९७० मध्ये दलवाईंनी पुण्यात स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळात गेला आणि उरलेलं आयुष्य त्याने त्याच कामाला दिलं. 'दगडावरची पेरणी' हे त्यांचं आत्मकथन माझ्या कपाटात आहे, पेन्सिलीने खुणा केलेलं. त्यांनाही बहीण होती, मलाही बहीण होती. मी फॉर्म भरले.

घाबरून भरले का? लोक विचारतात, म्हणून सांगतो. आमच्या मोहल्ल्यात मला कुणी मारणार नव्हतं. नोकरीही गेली नसती. भीती असते ती फार बारीक. मुलीच्या निकाहच्या वेळी कोण येईल, अब्बांच्या बरसीला हाफिजसाहेब कुराणखानीला येतील की काम आहे म्हणतील, रस्त्यात सलामला उत्तर मिळेल पण डोळे दुसरीकडे असतील, अशी. आणि एक भीती याहून मोठी आहे, ती मी कधी मोठ्याने बोललो नाही. दलवाई १९७७ मध्ये गेले, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दफन झालं नाही, दहन झालं. धार्मिक विधी नाहीत. त्यांच्या विचाराशी ते शेवटपर्यंत प्रामाणिक राहिले, यात शंका नाही. पण मला अब्बांच्या शेजारी जागा हवी आहे. आमच्या कब्रस्तानात लिंबाखाली त्यांची कबर आहे, अम्मीची बाजूला. मला जनाजाची नमाज हवी आहे, सदरसाहेबांसकट सगळे रांगेत उभे राहिलेले. मोहल्ला दलवाईंचं नाव आलं की तो दहनाचाच विषय काढतो आणि त्यांच्या प्रश्नातून सुटतो. मला हे कळतं, तरी मला ती जागा हवीच आहे.

२२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने अवैध ठरवला. त्या आठवड्यात आमचं एक विषय प्रशिक्षण होतं, जिल्ह्यातल्या मराठी शिक्षकांचं. चहाच्या वेळी एका शिक्षकांनी माझा हात धरून हलवला. "अभिनंदन सर! सुटल्या तुमच्या बायका." चारजण हसले. दुसरे म्हणाले, "सर तसे वेगळे आहेत हो. बाकीच्यांसारखे नाहीत."

निकाल मला मनापासून हवा होता. पण त्या चहाच्या टेबलावर मी जे बोललो ते ऐकून सदरसाहेबांनी मला मिठी मारली असती. तलाकचं प्रमाण आमच्यात फार नाही, इस्लामने बाईला चौदाशे वर्षांपूर्वी मालमत्तेत हक्क दिला, तुमच्याकडे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क देशभर २००५ मध्ये कायदा बदलल्यावर मिळाला, तोवर तुम्ही काय करत होतात? आवाज चढला होता. टेबल गप्प झालं. परतताना बसमध्ये माझाच आवाज माझ्या कानात वाजत होता, कारण बोललो त्यातलं काही खोटं नव्हतं आणि तरी मी माझी बाजू मांडत नव्हतो.

माझ्यासारख्यांचं हेच होतं. आत बोललो तर 'त्यांचा माणूस', बाहेर बोललो तर 'तुम्ही वेगळे'. २०१८ मध्ये तलाकच्या विधेयकाविरुद्ध महाराष्ट्रात गावोगावी बायकांचे मूक मोर्चे निघाले. काळ्या बुरख्यांची ती लांबच लांब रांग पाहून मला दोन गोष्टी एकदम वाटल्या: यांना कुणीतरी आणलंय, आणि यातल्या कितीतरी स्वतः आल्यात. २०१९ चा कायदा झाला, तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग. मला तो पटला नाही. नवरा आत गेल्यावर खर्च कुठून देणार? हे बोललो तर सदरसाहेब खूश झाले, म्हणाले, मास्टर आता लाइनवर आले. त्यांना काय सांगू? माझी कारणं वेगळी आणि त्यांची वेगळी.

याच सुमारास एका वकील मित्राने सांगितलं की लातूरच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २००२ मध्येच निकाल दिला होता: नवऱ्याने नुसतं 'मी तलाक दिला' म्हणून भागत नाही, वाजवी कारण, दोन्ही घरच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न, हे सगळं सिद्ध करावं लागतं. आधार कुराणाचाच, सूरह निसामध्ये मध्यस्थांचा हुकूम आहेच. २००२! बाजीचं पाकीट २००४ चं. लातूर आमच्यापासून काही तासांवर. अब्बांनी विचारलेल्या बुजुर्गांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्यांना बोल लावत होतो. नवा बी.एड. झालेला, रोज पेपर वाचणारा मी तेव्हा कुठे होतो, हे मी बरेच दिवस विचारलं नाही.

मग जानेवारी २०२० आला. नागरिकत्वाच्या कायद्याचे आणि एनआरसीच्या धास्तीचे दिवस. घरोघरी लोखंडी पेट्या उघडून कागद शोधणं चाललं होतं. आजोबांचा दाखला, जुनी घरपट्टी, शाळा सोडल्याचा दाखला. एका सभेत मी भाषणही केलं, मराठीत, संविधानाच्या चौदाव्या कलमावर. कायद्यापुढे सगळे समान. टाळ्या चांगल्या पडल्या. रात्री घरी आलो तर भाची पेटीसमोर बसलेली. तीच, तीन वर्षांची होती ती. आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला. हातात स्टॅम्प पेपर.

"मामू, हक्कसोडपत्र म्हणजे काय?"

२०११ चं होतं. अब्बा २०१० मध्ये गेले, अम्मी आधीच गेली होती. वारस दोघंच, बाजी आणि मी. उताऱ्यावर एकच नाव असलं की कर्जाला सोपं जातं, असं मला कुणीतरी सांगितलं, आणि मी बाजीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन गेलो. तिने सही केली. आमच्याकडे सगळ्याच बहिणी करतात. हिंदू घरांतही करतात, त्याला 'माहेर टिकवणं' म्हणतात. मी ते इतकं सहज केलं होतं की विसरूनही गेलो होतो.

भाचीने दुसरा प्रश्न विचारला नाही. कागद घडी करून पेटीत ठेवला आणि आईच्या खोलीत गेली. मला उभ्या उभ्या हिशेब लागला. एक मुलगा, एक मुलगी असेल तर शरियतमध्ये मुलाला दोन भाग, मुलीला एक. म्हणजे घराचा तिसरा हिस्सा बाजीचा. ज्या शरियतला मी जुनाट म्हणत आलो तिच्याप्रमाणे तिला तिसरा हिस्सा मिळाला असता. माझ्या मताप्रमाणे अर्धा. मी तिला काहीच दिलं नव्हतं. आणि तिच्याच खोलीत ती माझ्या मेहरबानीने राहते असं मोहल्ला समजत होता. मीही समजत होतो.

उर्दू शिकवताना मी मुलांना मौलवी मुमताज अलींची गोष्ट सांगतो. बायकांच्या हक्कांवर त्यांनी 'हुकूक-ए-निसवां' लिहिलं आणि मसुदा सर सय्यद अहमद खान यांना दाखवला. ज्यांच्यावर अलीगढच्या कॉलेजपायी कुफ्रचे फतवे निघाले होते ते सर सय्यद, पण मसुदा वाचून इतके चिडले की फाडून टोपलीत टाकला. मुमताज अलींनी तुकडे उचलून आणले. सर सय्यद १८९८ मध्ये गेले आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं. आजवर ही गोष्ट सांगताना मी स्वतःला मुमताज अलींच्या जागी धरत होतो.

लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं, ते एका अर्थी बरं झालं; घरात बोलायला वेळ मिळाला. बायको आधी गप्प होती. मग म्हणाली, "आपल्याला दोन मुलं आहेत." तिचं चुकीचं नव्हतं. तिच्या भावांनीही तिच्याकडून असंच लिहून घेतलंय. चुलत भावांपर्यंत बातमी गेली, तेव्हा एकाने फोन करून सांगितलं की माझ्यामुळे आता त्याच्या बहिणीही मागतील. हा भाऊ २०१६ मध्ये फॉर्म गोळा करण्यात सगळ्यांत पुढे होता.

मी बाजीला म्हणालो, अर्धं घर तुझ्या नावावर करतो. ती तांदूळ निवडत होती.

"जितना अल्लाह ने लिख्या उतनाच दे. ज्यादा नको."

मी तिला समजावत होतो. बराबरी, संविधान, सगळं. ती ऐकत राहिली आणि खडे बाजूला काढत राहिली. शेवटी म्हणाली, "तेरा अहसान मेरे को नको रे. मेरा जो है वो दे." अजूनही मला वाटतं, अर्धंच द्यायला हवं होतं. पण या वेळी तिला काय हवं ते तिने सांगितलं होतं, आणि मला विचारायला सतरा वर्षं लागली होती.

२०२१ च्या हिवाळ्यात तिसऱ्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करायला आम्ही त्याच कार्यालयात गेलो. २०११ मध्ये तिने सही केली तेव्हा दोन मिनिटांत काम झालं होतं. आता फोटो, अंगठ्याचे ठसे, रांग. टंकलेखकाने कागद पुढे केला आणि बोट ठेवून सांगितलं, "इथे सही करा, ताई."

बाजीने पेन घेतलं नाही. कागद माझ्याकडे सरकवला.

"पढ़ के सुना. पूरा."

सात पानांचं होतं, कार्यालयी मराठीत. मागे रांगेतले लोक कुरकुरायला लागले. मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, आणि कठीण शब्द आला की ती हाताने थांबवून त्याचा अर्थ विचारत होती.