अर्धी कॉफी

कॉफी हें पेय एकट्यानें प्यावयाचें नाहीं, असें माझें फार दिवसांचें मत आहे. चहाचें तसें नाहीं. चहा उभ्याउभ्या, वर्तमानपत्र चाळतां चाळतां, किंवा गाडी सुटतां सुटतांही घेतां येतो. आमच्या लहानपणीं घरांत चहा रोज होई. कॉफी मात्र निमित्त पाहून व्हायची. परगांवाहून पाहुणा आला, शिवरात्रीचें जागरण असलें, किंवा कोणाच्या उशाशीं रात्रभर बसायचें असलें, म्हणजे आई कॉफी दुधांत उकळून वर जायफळ किसून घाली. त्या वासाबरोबर शेजारचीं माणसेंही ओसरीवर येऊन बसत. कॉफी म्हणजे कोणीतरी येणार, ही खूणगांठ माझ्या मनाशीं तेव्हांच बसली.

कॉफीची दुसरी तऱ्हा मीं बंगळुरास पाहिली. थोरला भाऊ तेथें नोकरीस होता आणि मी शिकावयास म्हणून त्याच्याकडे राहिलों होतों. कर्नाटक म्हणजे आपल्याकडील कॉफीचें माहेरघर. १७ व्या शतकांत बाबा बुदन नांवाच्या एका सूफी साधूनें मक्केच्या यात्रेहून परततांना येमेनांतून कॉफीचे ७ दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरांत पेरले, अशी आख्यायिका आहे. ते डोंगर आज त्याच्याच नांवानें ओळखले जातात. आणि देशांतील सुमारें ७० टक्के कॉफी आज त्याच राज्यांत पिकते. एवढ्याशा चोरीचें इतकें पुण्य झाल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं!

त्या शहरांत एक चाल आहे. दोघे मित्र उपाहारगृहांत शिरतात आणि दोघांत मिळून एकच कॉफी मागवितात. तिला तेथें 'बाय-टू' म्हणतात. पोऱ्या एका कॉफीचे दोन पेले करून आणून ठेवतो, आणि त्यांत कोणालाही कमीपणा वाटत नाहीं. महिनाअखेरीस दादाचा खिसा रिकामा होऊं लागला, म्हणजे आम्ही रोज सायंकाळीं ही अर्धी कॉफी घेत असूं. दादा दोन्ही पेले समोर धरून पाही, आणि ज्यांत थेंबभर अधिक असेल तो माझ्याकडे सरकवी. मी तो घेत असें. त्याचें मला कांहीं वाटत नसे. धाकट्यांचा तो हक्कच असतो.

पुढें आई गेली आणि गांवच्या घराची वाटणी निघाली. त्या वेळीं मात्र आम्हां दोघांनाही थेंबभर अधिक हवें होतें. मागल्या अंगणांतली विहीर कोणाच्या हिश्श्यास जावी, एवढ्यावरून आमचें बोलणें तुटलें तें ६ वर्षें तुटलेलेंच राहिलें. लग्नकार्यांत समोरासमोर आलों, तर आम्ही परस्परांच्या मुलांशीं तेवढें बोलत असूं.

गेल्या पावसाळ्यांत वाटणीपत्रावर सही करण्यासाठीं दादा गांवाहून माझ्या घरीं आला. "कागद कोठें आहे?" एवढेंच तो म्हणाला. माझ्या पत्नीनें मात्र पितळेचा फिल्टर पुढें ओढला. "भावोजी, कॉफी घेतल्याशिवाय उठायचें नाहीं," ती म्हणाली.

फिल्टरची कॉफी घाईची नव्हे. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रें असतात. त्यांत पूड दाबून बसवायची, वर कढत पाणी ओतायचें, आणि मग काढा थेंबाथेंबानें खालच्या भांड्यांत उतरण्याची वाट पाहायची. तेवढ्या वेळांत माणसाला उठून जातां येत नाहीं, आणि गप्पही बसवत नाहीं. दादानें विचारलें, "गुडघा कसा आहे तुझा?" मीं विचारलें, "विहिरीला पाणी आहे का रे?" ६ वर्षांत ती विहीर प्रथमच नुसती विहीर म्हणून आमच्यामध्यें आली.

डब्यांतली पूड संपत आली होती. काढा एका पेल्यापुरताच उतरला, आणि पत्नी ओशाळली. तिनें दूध-साखर घालून दिलेली ती कॉफी मीं दोन पेल्यांत ओतली. मग माझ्याही नकळत दोन्ही पेले समोर धरून मी पाहूं लागलों, आणि ज्यांत अधिक होती तो पेला मीं दादाकडे सरकविला. त्यानें तो क्षणभर पाहिला, आणि कांहीं न बोलतां त्यांतली घोटभर कॉफी माझ्या पेल्यांत ओतली.

त्यानंतर त्यानें सही केली. विहीर त्याच्याकडे गेली, आणि घर दुभागलें तें दुभागलेंच. कॉफीनें तंटे मिटतात, असें मी म्हणणार नाहीं. पण वाटणी करणें आणि वाटून घेणें यांत शब्द जवळजवळ एकच असतां फळें इतकीं निराळीं कां, याचा उलगडा मला त्या दिवशीं झाला. वाटणी करतांना प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या पेल्यावर असते. वाटून घेतांनाही ती तेथेंच असते. परंतु त्याला कमी तर पडलें नाहीं ना, एवढें पाहण्यासाठीं.

आतां दादा महिन्यांतून एकदां येतो. डब्यांत पूड भरपूर असते. तरी आमच्यापुढें पेले दोन आणि कॉफी एकच येते.