गाडीचं बीपी

"तुझ्या गाडीचं बीपी परत लो झालं का रे?" शनिवारी सकाळी मला बॉनेटखाली वाकलेला बघून बायकोने विचारलं. विनोदच होता, पण निदान अचूक!

माझी माझदा मियाटा १९९२ ची. दोन सीट, १.६ लिटरचं इंजिन आणि अंगावर १ लाख ८० हजार मैल. १९९५ च्या मॉडेलपासून या गाडीतला खरा ऑइल प्रेशर गेज जाऊन देखाव्याचा काटा आला. प्रेशर किमान पातळीच्या वर असलं की तो आपला मध्यावर उभा. माझ्या गाडीतला मात्र खरा, आणि झोप त्यानेच उडवली. इंजिन तापून सिग्नलला थांबलो की काटा तळाला.

त्यात ऑफिसमधला नाशिकचा एक पोरगा ही गाडी घ्यायला मागे लागलेला. पहिली स्पोर्ट्स कार म्हणून डोळ्यांत नुसती चमक. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "२०डब्ल्यू-५० टाक, काटा वर येईल. विकून मोकळा हो."

खरं सांगतो, मोह झाला.

आता जरा मुद्द्याचं. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर येतं ते बेअरिंगमधल्या केसाहून बारीक फटीत ऑइल अडतं म्हणून. झिजून फट वाढली की ऑइल सहज निसटतं, प्रेशर पडतं. जाड ऑइलने काटा वर येतो, झीज तिथेच राहते. आपल्या भाषेत, बग तसाच ठेवून अलार्मची मर्यादा बदलायची!

पण सेन्सरही खोटं बोलू शकतो. तो बसवलाय ऑइल फिल्टरजवळ, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. बोटं सोलून घेऊन काढला, जागी मेकॅनिकल गेज लावला आणि इंजिन चांगलं तापू दिलं. आयडलला ६ पीएसआय, ३००० आरपीएमला २२. दर हजार आरपीएमला निदान १० पीएसआय हा जुना ठोकताळा. म्हणजे सेन्सर निर्दोष. जुना फिल्टर कापून उघडला, तर कागदाच्या घड्यांत तांबूस चमकी. बेअरिंगचीच.

रविवारी पोराला घरी बोलावलं. चहा दिला, आकडे दाखवले, फिल्टर दाखवला. त्याचं तोंडच उतरलं.

"मग आता काय, दादा?"

"आता विकत नाही. हिवाळ्यात इंजिन उतरवायचं. बेअरिंग्ज, पंप, सगळं. येणार मदतीला?"

कालच त्याचा फोन होता, कुठले पाने आणू म्हणून. बायकोला खर्चाचा आकडा अजून सांगायचाय.

असो. जुनी गाडी बघायला गेलात तर थंड इंजिनवरचा काटा बघून भुलू नका. चांगली तापवून आयडलला बघा. आणि मालक कौतुकाने म्हणाला की कालच ऑइल बदललंय, तर कुठलं टाकलं तेही विचारा.