टर्बो गाडीचं हेड बांधताना

हेड उघडलं की मित्र सांगतात, पोर्ट मोठे कर, चकचकीत पॉलिश मार. वर्षभर साठवलेले पैसे त्यातच घालायला निघालेल्या भाच्याशी मी चक्क भांडलो. अहो, हवा आत ढकलायला टर्बो आहेच! हेड जातं ते उष्णतेनं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. गाडी दामटली की एक्झॉस्टचा वायू ९०० अंशांपर्यंत तापतो. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवाटे हेडमध्ये आणि तिथून पाण्यात उतरते. म्हणून एक्झॉस्टची सीट फार अरुंद करू देऊ नका, थोडी ताकद गेली तरी चालेल. गाइड ब्राँझचे घ्या. सोडियम भरलेले व्हॉल्व्ह परवडले तर उत्तमच. मात्र जुने झाले म्हणून ते कापू नका, सोडियम पाण्याला लागताच भडकतं.