नानांचं मत

आपल्या सुरतकर मराठी कुटुंबांच्या आठवणी मी इथे नेहमी वाचतो, लिहायचा आळस करतो. आज लिहितोय, कारण दहा वर्षं मनात ठेवलेली एक गोष्ट आहे आणि ती माझ्याच चुकीची आहे.

आम्ही शिंपी, गाव नवापूर तालुक्यातलं, विसरवाडीच्या बाजूचं. नाना (माझे वडील) 1979 साली कडोदऱ्याला आले. इथेच का, तर धुळे-सुरत गाडी इथल्या चार रस्त्यावर थांबते, म्हणून. एवढंच कारण. मुंबई-अमदावाद हायवे आणि आपला धुळ्याकडचा रस्ता इथे एकमेकांना कापतात. नाना म्हणायचे, "रात्री बसमध्ये बसलं की सकाळी दारात." बारडोली, व्यारा, सोनगड, मग नवापूर. शंभरेक किलोमीटर, मध्ये राज्याची हद्द. पण नानांच्या लेखी ती हद्द नव्हतीच. तिकडे गावित, इकडे गामित, म्हणायचे, माणसं एकच. त्यात तथ्यही आहे. 1960 साली राज्यं वेगळी झाली तेव्हा नवापूर, नंदुरबारकडची कितीतरी गावं गुजरातेत गेली. निझर, उच्छल हा भाग जुन्या पश्चिम खान्देशातलाच.

नानांचं दुकान म्हणजे एक मशीन आणि एक बाक. लग्नसराई सोडली तर खरं काम निवडणुकीचं. कापड सुरतेत छापून यायचं, झेंडे कापून कडा दुमडायच्या आणि काठीसाठी नेफा शिवायचा, हे काम नगावर आमच्याकडे. आई आणि आम्ही भावंडं धागे तोडायला. त्यामुळे गुजरातचं राजकारण मला आधी कापडावरून कळलं. 1984 ला सगळे गठ्ठे पंजाचे. राज्यातल्या 26 पैकी 24 जागा काँग्रेसच्या आल्या. माधवसिंह सोळंकींनी क्षत्रिय, दलित, आदिवासी आणि मुस्लिम अशी मोट बांधली होती, तिचा तो बहर. पुढच्या वर्षी विधानसभेत 182 पैकी 149. मग राखीव जागांवरून दंगे झाले, पाटीदार दुरावले. 1989 ला गठ्ठे आले चक्राचे आणि कमळाचे. भाजप 12, जनता दल 11, काँग्रेस फक्त 3! सुरतेतून काशीराम राणा निवडून आले. 1991 पर्यंत चक्रही गेलं. भाजप 20. पंजाचे गठ्ठे इतके कमी झाले की नाना ते एकटेच उरकायचे, आम्हाला हातही लावू देत नसत.

पण एक गोष्ट त्यांना धीर देई. शहर पालटलं तरी आमच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना आदिवासी पट्टा पंजाला धरून होता. इकडे मांडवीच्या जागेवर छितूभाई गामित 1977 पासून लागोपाठ निवडून येत होते, तिकडे नंदुरबारला माणिकराव गावित. माणिकराव आमच्याच तालुक्याचे, नऊ वेळा खासदार. आजोबा इंदिराबाईंच्या नंदुरबारच्या सभेला बैलगाडीने गेले होते, ही कथा आमच्या घरात सत्यनारायणाच्या पोथीइतक्यांदा वाचली गेलीय.

नानांचं नाव गावच्या यादीत होतं. दर निवडणुकीला ते मशीनवर कापड टाकून बस धरायचे. "मना मत मना गावले," असं अहिराणीत म्हणायचे. पस्तीस वर्षं इथे राहिले, घर बांधलं, पण मत तिकडे.

मला ते पटायचं नाही. मी इथे जन्मलो, इथे शिकलो, मिलमध्ये हिशेबनीस आहे. नव्या फेररचनेत मांडवीची जागा जाऊन 2009 ला बारडोली मतदारसंघ आला, कडोदरा त्यात. राखीवच, आदिवासींसाठी. तेव्हा अमरसिंह चौधरींचे चिरंजीव तुषारभाई काँग्रेसकडून निवडून आले. माझं स्वतःचं मत तोवर पालटलं होतं, लपवत नाही. सुट्टीत गावी गेलं की बारा-बारा तास भारनियमन, आणि सोनगडच्या अलीकडे आलो की खेड्यातही दिवे. माझ्या वयाच्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. नाना म्हणत, "दिवे दिसतात तुला, दिव्याखालचा ऊसतोडवाला दिसत नाही." चलथाणच्या कारखान्याला ऊस तोडायला तिकडचीच माणसं येत, त्यांच्या पालावर नाना उधारीत कपडे शिवून देत. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र जेवताना ताटं आपटायची.

आता माझी चूक. 2012 च्या विधानसभेआधी घरातल्या सगळ्यांची नावं यादीत घालायला मी अर्ज आणले. नानांचाही भरला. दुसरीकडे नाव असेल तर ते कमी करावं, असंही त्यात लिहिलेलं असतं. नाना मशीनवर होते. मी म्हटलं, "नाना, रेशन कार्डाचं आहे, सही करा." त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असावं, हा कायदा बरोबरच आहे. पण मला कायद्याची एवढी काळजी नव्हती. मला त्यांचं ते जाणं थांबवायचं होतं. डिसेंबरात ते आजारी होते, मतदानाला कुठेच गेले नाहीत. विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

2014. नंदुरबारचं मतदान 24 एप्रिलला, आमचं 30 ला. माणिकराव दहाव्यांदा उभे. समोर डॉ. हिना गावित, भाजपकडून. त्यांचे वडील विजयकुमार गावित तोवर राष्ट्रवादीचे मंत्री. आणि इकडे बारडोलीत भाजपचे परभूभाई वसावा, जे 2012 ला मांडवीतून काँग्रेसचे आमदार म्हणून निवडून आले होते! दोन्ही टोकांना एकच खेळ. नाना म्हणाले, "माणसं तीच, झेंड्याला नेफा नवा."

23 तारखेला त्यांनी पिशवी भरली. एकाहत्तर वय, उन्हाळा, गुडघे दुखरे. सांगायला माझ्याकडे पूर्ण संध्याकाळ होती. मी चार रस्त्यावर त्यांना बसमध्ये बसवून दिलं, पाण्याची बाटली दिली आणि घरी आलो. यादीतून नाव कदाचित निघालंच नसेल, अशी मनाची समजूत घालत होतो.

निघालं होतं. दुसऱ्या दिवशी चुलतभावाचा फोन आला. शाळेत नाना तासभर रांगेत उभे राहिले, मग तिथल्या पोराने यादी तीनदा चाळली. नाना म्हणाले, "नीट बघ, मी इथलाच आहे." मागच्या रांगेतल्या दोघांनी साक्षही दिली. पण साक्षीवर मत होत नाही.

रात्री परत आले. मी दार उघडलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट माझ्यापुढे धरलं, कोरडं, शाई नसलेलं. म्हणाले, "ते रेशन कार्डाचं नव्हतं ना रे?" मी नाही म्हटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हातपाय धुतले, जेवले, झोपले. आई मात्र माझ्याशी आठ दिवस बोलली नाही.

30 तारखेला सकाळी अंघोळ करून, टोपी घालून ते तयार. मला म्हणाले, "चल, दाखव माझं नाव कुठं आहे ते." इथल्या शाळेत आम्ही एका रांगेत उभे राहिलो. मी कमळाचं बटण दाबलं. त्यांनी काय दाबलं, कधी सांगितलं नाही. मी विचारायचं धाडस केलं नाही.

16 मे ला दोन्ही जागा भाजपला. नंदुरबारला माणिकराव पडले. गुजरातेत 26 पैकी 26. नानांनी टीव्ही बंद केला आणि मशीनला तेल घातलं. त्यानंतर गावी गेले ते लग्नाकार्याला, मतदानाला नाही.

2018 च्या थंडीत ते गेले.

2024 ला, 7 मेच्या आधी मतदाराच्या चिठ्ठ्या घरी आल्या. आमच्या साडूंना कतारगामला मत द्यायलाच मिळालं नाही, सुरतची जागा बिनविरोध झाली ना. आमच्याकडे मात्र पाच चिठ्ठ्या आल्या, त्यात एक नानांची. नाव कमी करायचं राहूनच गेलं होतं. 4 जूनला बारडोली भाजपकडेच राहिली आणि नंदुरबार दहा वर्षांनी काँग्रेसकडे गेलं, गोवाल पाडवी निवडून आले. चुलतभावाने फोन करून आधी तेच सांगितलं, "आज काका पाहिजे होते."

नंतरच्या आठवड्यात मी नाव कमी करायचा अर्ज आणला. आईला पूर्ण वाचून दाखवला. मग सही केली.

नानांची चिठ्ठी मशीनच्या खणात आहे, बॉबिनांच्या डबीखाली.