पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे

मी आठवीत असताना बांधलेला एलिमिनेटर आधी वाजला आणि मग चालला. ट्रान्झिस्टरचे सेल वाचावेत म्हणून नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कंडेन्सर पत्र्याच्या डब्यात बसवले होते. विविध भारती लागायची, पण तिच्याखाली एक जाड गुणगुण कायम. मिरजेत आमचं घर सतारमेकर गल्लीपासून चार पावलांवर. तिथल्या एका तंबोरे लावणाऱ्या आजोबांनी डबा कानाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पांढरी पाचीच्या वर आहे रे, पण काळी चारला पोचत नाही. बेसूर आहे तुझं यंत्र."

आजोबांचा कान बरोबर होता, हे मला बऱ्याच वर्षांनी आकड्यांत कळलं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. प्रत्येक फेऱ्यात लोखंड दोनदा ताणलं जातं, म्हणजे ते सेकंदाला १०० वेळा थरथरतं. पांढरी पाच त्या सप्तकात ९८, काळी चार जवळजवळ १०४. देशभरातले ट्रान्सफॉर्मर या दोन पट्ट्यांच्या फटीत बसून गुणगुणत असतात.

त्या गुणगुणीवर इलाज म्हणून मला एका वाइंडिंगवाल्या काकांकडे धाडलं. त्यांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन हलवला. "स्टॅम्पिंग ढिले आहेत." लाकडाची एक चपटी पाचर पत्र्यांत ठोकली, सगळं वार्निशात बुडवलं, उन्हात ठेवलं. आवाज निम्म्याने उतरला. मेच्या सुट्टीत मी तिथेच चिकटलो. त्यांचा हिशेब सोपा होता : ४५ ला कोअरच्या चौरस सेंटिमीटरने भागायचं, की एका व्होल्टला किती वेढे ते येतं. पाच चौरस सेंटिमीटरचा कोअर असेल तर नऊ. म्हणजे २३० व्होल्टच्या प्रायमरीला २०७० वेढे. काका हँडल फिरवायचे आणि मोजायचे. मोजत असताना काकू जेवायला हाक मारायच्या, गिऱ्हाईक शिव्या द्यायचं, पण उत्तर नाही. बाराशेव्या वेढ्याला "हो" म्हटलं तर पुन्हा एकपासून! दर थरावर लेदरॉइड कागद. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मधे तोच कागद दुहेरी, कारण त्या दोन तारांनी एकमेकींना कधीच शिवायचं नसतं. वीज पलीकडे जाते ती लोखंडातून, न शिवता. हे मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. सूत्र येतं, पटत नाही.

पुढे पोटासाठी पुण्यात साउंडचं काम धरलं, आणि चौकोनी डब्यांऐवजी रॅकशी गाठ पडली. रॅकमधल्या यंत्राची उंची 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, चार बोटंसुद्धा नाही. पुढून पाहिलं तर पाटीएवढं यंत्र, आत मात्र सगळं दाटीवाटीने. चौकोनी ट्रान्सफॉर्मर त्यात उभा राहत नाही म्हणून बहुतेकांत टोरॉइड असतो : पोलादी पट्टीची गुंडाळी करून केलेली रिंग, तिच्यावर तार. नवी कल्पना वाटते, पण १८३१ साली फॅरडेने लंडनमध्ये पहिल्यांदा हा प्रकार केला तेव्हा त्याने रिंगच घेतली होती, सहा इंच व्यासाची. थरांमध्ये दोरी आणि सुती कापड. म्हणजे काकांचा लेदरॉइड तिथलाच. काका मात्र टोरॉइडच्या वाट्याला गेले नाहीत. "भोकातून तार किती वेळा ओवायची?" असं विचारून मोकळे झाले. त्यांच्या मुलाने मशीन घेतलं.

एका नाट्यगृहात गायिका काळी चारमध्ये गात होत्या. तंबोरे लागले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. "कोण गातंय?" कोणीच गात नव्हतं. रॅकमध्ये इक्वलायझर थेट ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरवर बसला होता आणि ती जुनी गुणगुण स्पीकरमधून सभागृहभर पसरली होती. तंबोऱ्याच्या २०८ च्या शेजारी हिचा वरच्या सप्तकातला २०० चा सूर, दोघांच्या भांडणाने सेकंदाला आठ हेलकावे. मध्यंतरात इक्वलायझर दोन घरं वर सरकवला. बाकी काही केलं नाही.

लेक न्यू जर्सीत असते. तिच्याकडे गेलो तेव्हा रस्त्याच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर ऐकत उभा राहिलो, तर जावयाला वाटलं मला चक्कर येतेय. तिकडे ६० चे फेरे, म्हणून गुणगुण १२० ची. आपली गुणगुण षड्ज धरली तर तिकडची बरोबर कोमल गंधार. सहाला पाच, चोख.

तिने तिथून आणलेला माइक प्रीॲम्प, एक यूचा, मी स्टेपडाउनवर चालवत होतो. एका संध्याकाळी घाईत सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला. चाळीस वर्षं दुसऱ्यांना बजावतोय! ११५ चं यंत्र २३० वर. आधी एक घोगरा आवाज, मग जळक्या वार्निशचा वास. फ्यूज उडालाच, पण प्रायमरीही मीटरवर उघडी. आत टेपखाली गाडलेला थर्मल फ्यूज गेला असणार. तो खणून काढून तारा जोडणारे लोक आहेत. मी त्यातला नाही. आग लागू नये म्हणून ठेवलेला तुकडा काढून टाकणं म्हणजे शुद्ध गाढवपणा.

नवा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्यायचा, तर सेकंडरीचे व्होल्ट कुठेच लिहिलेले नव्हते. मग उलटं चालत गेलो. पुढे ७८१५ आणि ७९१५ हे रेग्युलेटर, म्हणजे आत पंधरा-पंधरा. कंडेन्सर ३५ व्होल्टचे. सवयीने १८-०-१८ लिहिणार होतो, पण आमच्या मिरजेच्या घरात रात्री वीज अडीचशेपर्यंत चढते, आणि लहान टोरॉइड भार नसताना वरच असतो. कंडेन्सर काठावर आले असते. वाइंडिंगवाल्या काकांच्या मुलाला म्हटलं, १६-०-१६ कर, माइकच्या फँटम पुरवठ्यासाठी वेगळं वाइंडिंग दे, आणि काहीही झालं तरी जाडी ३५ मिलिमीटरच्या वर नको. "काका, चाळीस घ्या ना, स्वस्तात होईल." मला चाळीस चालणार नव्हतं, आतली जागाच तेवढी होती. वर-खाली रबर, बशीसारखी चकती आणि बोल्टचं डोकं राहिलंच.

खरी मेख त्या बोल्टमध्ये असते. तो तळपत्र्यातून वर येतो, रिंगच्या भोकातून जातो. त्याचं टोक झाकणाला लागलं की बोल्ट, झाकण आणि तळ मिळून कोअरभोवती एक बंद वेढा तयार होतो, शॉर्ट झालेला. नवाकोरा ट्रान्सफॉर्मर तापून मरतो आणि कारण सापडत नाही, कारण शोधायला झाकण काढलं की दोष निघून जातो. बोल्टच्या टोकावर कणकेची गोळी ठेवली, झाकण दाबून बसवलं, उघडून चपटी झालेली कणीक मोजली. दोन मिलिमीटर. बायको म्हणाली, ती गोळी परातीत परत टाकू नका.

सिरीजमध्ये शंभरचा बल्ब लावला. एकदा लखकन पेटला आणि विझत गेला. शॉर्ट नाही. मग राहिलं ते फिरवणं. रिंगमधूनही थोडं क्षेत्र बाहेर झिरपतंच, विशेषतः तारा जिथून निघतात तिथून, आणि एक यूमध्ये इनपुटचा बोर्ड वीतभर अंतरावर. प्लग काढायचा, बोल्ट सैल करायचा, रिंग थोडी वळवायची, बोल्ट आवळायचा, प्लग लावायचा, हेडफोन कानाला. आजोबांचा सूर, खर्जात. पुन्हा. अकराव्या खेपेला तो एकदम मागे गेला. आणखी जरा वळवलं तर परत आला. मागे आणलं आणि तळपत्र्यावर पेन्सिलने खूण केली.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, वाजतंय का?"

"नाही," मी म्हटलं, "आता अजिबात वाजत नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही.