सावित्रीच्या पाण्यावरून दासगाव

महाडला आपली माणसे 20 मार्चला जातात, 25 डिसेंबरला जातात. पण मोटारीने, महामार्गावरून. दासगाव खिडकीतून दिसते आणि मागे पडते. आम्हीही इतकी वर्षे तसेच गेलो.

यंदा वर्षावास संपल्यावर आम्ही घरची सात माणसे बाबासाहेबांच्या मूळ गावी, मंडणगड तालुक्यातील आंबडव्याला वंदन करून परत निघालो. म्हाप्रळला एस.टी.ची वाट पाहिली. तास गेला, दीड तास गेला, गाडीचा पत्ता नाही. बंदरावरचे एक वृद्ध मुसलमान नाखवा म्हणाले, "दासगावला होडी नेतोय. भरती लागलीय. येताय काय?" वहिनी घाबरल्या. महाडकडे सावित्रीत मगरी आहेत, हे त्यांनी ऐकले होते. तरी मुले आधीच होडीत चढली होती!

इंजिन डिझेलचे, पण नाखवा तिला कौतुकाने 'आगबोट' म्हणत. खऱ्या आगबोटी वाफेवर चालत. मोठ्या बोटी मुंबईहून समुद्रमार्गे येत, आणि लहान बोटी भरतीच्या पाण्यावर खाडीत वर दासगावपर्यंत जात. शरदाचे ऊन होते. काठाला तिवरे, त्यामागे पिवळे पडलेले भात. कुठे कुठे कापणी सुरू झालेली. आंबेतचा पूल मागे राहिला आणि दोन्ही काठ जवळ येऊ लागले.

याच पाण्यावरून बाबासाहेब आले होते. 24 डिसेंबर 1927 रोजी दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह ते मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले. एक रात्र वाटेत गेली. धरमतरचे बंदर जवळचे होते, तरी मार्ग दासगावचा निवडला. कारण साधे होते: मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला, तर दासगावहून पाच मैल पायी जाता येईल. आपण भाषणे आठवतो, घोषणा आठवतो. पण रस्ता अडवला तर काय, हा विचार मुंबईतच झाला होता, हे मुलांना कोण सांगतो?

25 तारखेच्या दुपारी बोट लागली, तेव्हा सुमारे तीन हजार सत्याग्रही काठावर उभे होते. पोलीस अधिकाऱ्याने कलेक्टरचे पत्र हाती दिले. बाबासाहेब कलेक्टरांना भेटायला पुढे गेले आणि बाकीचे सारे मिरवणुकीने महाडला चालत निघाले. तिथे सवर्णांनी मंडपाला जागा दिली नव्हती. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या पाण्याचा न्यायालयीन निकाल मात्र 1937 साली लागला.

फत्तेखानांचे नाव निघाले तसे नाखवा हसले. "आमच्या घरात सांगायचे ते," एवढेच म्हणाले आणि सुकाणू वळवले.

दासगावच्या काठाला चिखल फार. एकेकाला हात धरून उतरवावे लागले. धाकट्या पुतणीने ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि लगेच थुंकले. "खारट आहे!"

नाखव्यांनी होडीतल्या कळशीतले गोडे पाणी तिच्या ओंजळीत ओतले. मग आम्हा सगळ्यांच्याच.