जिप्सीतला फ्रिज

पप्पा गेली पस्तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतात. बेळगावच्या कॅम्पात त्यांचं एक छोटं दुकान आहे. शाळेत असताना मी एकटी असले की तिथं थांबायची आणि मैत्रिणी बरोबर असल्या की रस्त्याच्या पलीकडून जायची. जळक्या तेलाचा वास येतो म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. पुढे मी साहित्य घेतलं तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, "घे की. पण पुस्तकातलं काही बिघडलं तर दुरुस्त कोण करतं?" मला उत्तर सुचलं नाही.

आजीचं गाव खानापूरच्या पलीकडे, जंगलात. शेवटचे चार किलोमीटर नुसती चाकोरी आहे. म्हणून पप्पांनी लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी जिप्सी घेतली. बेळगावकरांना हिरवी जिप्सी काही नवी नाही. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आजीला आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायची असते. आणि गेलं की ती लगेच परत येत नाही, नाताळ जवळ येईपर्यंत तिथंच राहते.

आजीला दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. उघडलेली बाटली काही आठवडे घरातल्या हवेत टिकते, पण न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांतच ठेवाव्या लागतात. गावच्या घरी फ्रिज नाही, आणि वीज आली तर आली. म्हणून गेल्या वर्षी मी हुशारी केली. डीप फ्रीजरमधून जेलचे पाउच काढले, थर्माकोलच्या डब्यात ठेवले आणि बाटल्या त्यांना चिकटवून ठेवल्या. जितकं थंड तितकं चांगलं, असं मला वाटलं. बाटल्या गोठल्या. पोचेपर्यंत त्या वितळल्याही होत्या, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी कामाचं राहत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी आजीची साखर ४०० च्या वर गेली आणि रात्री तिला घेऊन आम्ही त्याच चाकोरीतून परत आलो. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं.

एप्रिलमध्ये मीच विषय काढला. "पप्पा, गाडीत बसेल असा फ्रिज करूया?" मी वाचून तयारी केली होती. पेल्टिअर नावाची एक चपटी चकती मिळते. वीज दिली की तिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. पप्पांनी ती मागवू दिली. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ३६ अंश आणि आमच्या डब्यात १९. बॅटरी मात्र बसली. पप्पा हसले नाहीत. म्हणाले, "चकती वाईट नाही. काम तिच्या ताकदीबाहेरचं आहे."

मग त्यांनी कागद घेतला. डबा बाहेरून ६० बाय ४० बाय ४५ सेंटिमीटर, कारण जिप्सीतली मागची एक बाजूची सीट काढली की तेवढाच बसतो. भिंतीत ५ सेंटिमीटर पफ. बाहेर ३५ आणि आत ५ अंश धरले तर भिंतींतून साधारण १६ वॅट उष्णता सतत आत येणार. म्हणजे यंत्राने तेवढी सतत बाहेर फेकायची. बारावी न झालेल्या माणसाने हा हिशोब पाच मिनिटांत केला आणि मी बघत राहिले. झाकण वरून ठेवलं, कारण गार हवा जड असते. वरून उघडलं तर ती सांडत नाही.

मोडीतल्या एका सोलर फ्रीजरमधून १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर मिळाला. गाडीच्या बॅटरीला हात लावायचा नाही, नाहीतर जंगलात इंजिन सुरू होणार नाही. म्हणून दुसरी बॅटरी बसवली आणि इंजिन चालू असतानाच ती चार्ज होईल असा रिले लावला. पप्पांनी तांब्याच्या नळ्या जोडल्या, व्हॅक्यूम मारला, गॅस भरला. मी टॉर्च धरला. रात्रभर पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर ठेवला. सकाळी ५ अंश.

सप्टेंबरात रिकामी गाडी घेऊन चाकोरीत फिरवून आणली. परतलो तेव्हा डबा कोमट. हादऱ्यांनी नळीचा जोड तडकून गॅस निघून गेला होता. पप्पा बराच वेळ त्या जोडाकडे बघत बसले. "पस्तीस वर्षांत चालता फ्रिज कधी केला नाही मी. भिंतीला टेकून उभा असतो, तोच माहीत." त्यांना चूक कबूल करताना मी पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्या वेळी त्यांनी कॉम्प्रेसर रबरावर बसवला आणि नळीला एक मोठा वेढा दिला, म्हणजे हादरा वेढ्यात जिरेल, जोडावर येणार नाही. पुन्हा गॅस, पुन्हा चाकोरी. या वेळी टिकला.

राहिली आजी. गावात डबा चार बोल्ट काढून उतरवायचा, ओसरीवर ठेवायचा आणि १०० वॅटच्या सोलर पॅनलला जोडायचा. पण मग बघणार कोण? सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, "तापमान निर्धारित मर्यादेखाली गेल्यास औषधाचा वापर टाळावा." आजीला प्रार्थनेच्या पुस्तकापुरतं वाचता येतं. तिने कागद दूर धरला, जवळ धरला. "हे पाद्रींनी लिहिलंय काय, बाय?"

मी चार वेळा लिहिलं. शेवटचा कागद असा झाला: काटा हिरव्यात आहे ना, सकाळ-संध्याकाळ बघ. हिरव्याच्या खाली गेला तर औषध गोठलं असेल, टोचू नको, फोन कर. लाल दिवा लागला तर पॅनलवरची पानं झाड.

आजीने तो मोठ्याने वाचला, एकदाही न अडखळता. पप्पांनी तो झाकणाच्या आतून चिकटवला आणि वरून पारदर्शक टेप लावली, चारही कडा नीट दाबून.

१ नोव्हेंबरला आम्ही पोचलो तेव्हा काटा ५ वर होता. दुसऱ्या दिवशी आजीने मेणबत्ती लावली. आम्ही निघालो, ती राहिली. आठवड्याने फोन आला, "काटा हिरव्यात हाय. आणि रागवू नको, आत वाटीभर दही ठेवलंय."

पप्पांना सांगितलं. म्हणाले, "ठेवू दे. पण कागदावर लिही की, दही झाकून ठेव म्हणून."